कंडक्टरबाईंचे पाय

स्ट्रेचरवरची बाई पडून राहायला तयार नव्हती. कमरेखालचं अंग ओल्या गोणपाटासारखं पसरलं होतं, तरी कोपरांवर रेटून ती डोकं वर काढत होती आणि स्ट्रेचर ढकलणाऱ्याला सूचना देत होती. "डावीकडून घे. अरे, डावीकडून! दाराला ठोकशील."

स्ट्रेचर दाराला ठोकलं.

"सांगितलं होतं," बाई म्हणाली.

तातडीच्या विभागात त्या सकाळी ब्रदरची पाळी होती. पुरुष नर्सला रुग्णालयात ब्रदरच म्हणतात, आणि याला तर या नोकरीत इतकी वर्षं झाली होती की बायकोसुद्धा घरी कधीकधी चुकून तीच हाक मारायची. अंगानं आडवा, चालणं संथ, नजर मात्र खारीसारखी चपळ. त्यानं बाईंना खाटेवर घेतलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि रक्तदाब घेता घेता विचारलं, "काय झालं, आजी?"

"आजी कुणाची? मला नातवंडं नाहीत." बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. कंडक्टर म्हण."

"बरं, कंडक्टरबाई. काय झालं?"

उत्तर सोबत आलेल्या त्यांच्या मुलानं दिलं. तो फ्रिज दुरुस्त करायचा. काम अर्धं टाकून आलेला, खिशातून टेस्टर डोकावत होता, शर्टाची बाही काळी झाली होती. "पाय गेलेत तिचे. वय झालं हो. सत्तरी उलटली. एकटी राहते, वर तीन कुत्री सांभाळते. मी कानीकपाळी ओरडतोय, माझ्याकडे ये, माझ्याकडे ये..."

"माझं वय काल संध्याकाळी झालं नाही!" बाई कडाडल्या. पलीकडच्या खाटेवरच्या माणसानं कण्हणं थांबवलं. "परवा शिडी लावून गच्चीवर चढले, पाण्याची टाकी धुतली. काल सकाळी उंबऱ्याला अडखळले. संध्याकाळी पाय उसने आणल्यासारखे वाटायला लागले. आज उठायला गेले तर पायच नाहीत. चालत्या बसमध्ये दांड्याला हात न लावता उभी राहणारी बाई मी. माणूस एवढ्यात म्हातारं होतं का, ब्रदर? तूच सांग."

"आई, तू जरा गप्प बस ना."

"पाय गेलेत, तोंड नाही गेलं."

ब्रदरनं रक्तदाबाचा पट्टा सोडला आणि डॉक्टरांना हाक मारली. म्हातारपण येतं ते दबक्या पावलांनी, वर्षानुवर्षं. असं परवा नव्हतं आणि आज आहे, हा म्हातारपणाचा रिवाज नव्हे.

डॉक्टर वयानं लहान होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण रुग्णाला हात लावल्याशिवाय मत न देणाऱ्या. त्यांनी आधी मेंदूच्या झटक्याचा विचार केला. चेहरा सरळ होता, जीभ तर धडधाकट होतीच, दोन्ही पाय सारखेच लुळे होते. डोक्याचं स्कॅन स्वच्छ आलं. रक्तातली साखर ठीक, क्षार ठीक, ताप नाही. गुडघ्यावर रबरी हातोडी मारली तर पाय उसळायला हवा. तो ढिम्म राहिला. सुईचं टोक लावून विचारलं, "टोचतंय?"

"टोचतंय. मुद्दाम जोरात टोचलंस."

डॉक्टरांनी मुलाला आणि ब्रदरला बाजूला घेतलं. "एक आजार असतो. शरीर स्वतःच्याच नसांवर उठतं. पायांपासून सुरुवात होते आणि अशक्तपणा वर वर चढतो. छातीपर्यंत पोचला तर श्वास घेता येत नाही. मला तीच भीती आहे. अतिदक्षता विभागात जागा मागितलीय; मिळेपर्यंत इथेच ठेवू. ब्रदर, श्वासावर लक्ष ठेवा. चिमट्यावरचा आकडा शेवटी पडतो, त्याच्या भरवशावर राहू नका."

मुलाच्या चेहऱ्यावरचा तावातावाचा रंग उतरला. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

ब्रदर खाटेपाशी आला. "कंडक्टरबाई, मोठा श्वास घ्या आणि मध्ये न थांबता आकडे म्हणा. एक, दोन, तीन..."

"मी काय बालवाडीत आहे? थांबे म्हणते." आणि त्यांनी छाती भरून घेतली. "डेपो, दवाखाना, कोर्ट, कन्याशाळा, जुना पूल, गिरणी, भाजीबाजार, पाण्याची टाकी, टेकडी, कारखान्याचा फाटा, नवी वसाहत, शेवटचा थांबा. उतरा."

"झकास. थोड्या वेळानं पुन्हा."

पुन्हा विचारलं तेव्हा त्या पाण्याच्या टाकीपाशी थांबल्या. "अर्धवट श्वास घेतला होता," त्या म्हणाल्या. त्यानंतर भाजीबाजार. मग हात वर करून नाक खाजवायला गेल्या तर हात वाटेतच खाली पडला. तो त्यांनी पाहिला, ब्रदरनंही पाहिला.

नेमके तेव्हाच खाटसाहेब आले. त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण कुठली खाट कुणाला द्यायची हे तेच ठरवायचे म्हणून पाठीमागे सगळे त्यांना खाटसाहेब म्हणत. बाहेर एक अपघाताची गाडी येत होती आणि त्यांना खाटा हव्या होत्या.

"ही म्हातारी वरच्या साध्या वॉर्डात जाऊ दे. स्कॅन स्वच्छ आहे, रक्त ठीक आहे. वयोमानाचा अशक्तपणा."

"नाही हलवणार," ब्रदर म्हणाला.

"काय?"

"वर रात्रंदिवस श्वास बघणारं कुणी नाही. यांचा श्वास तासागणिक कमी होतोय. ही खाट हलली तर अतिदक्षतेकडे हलेल. वर नाही."

"मी विचारत नाहीये, सांगतोय."

"मीही सांगतोयच, साहेब." ब्रदरनं खाटेच्या चाकाचा ब्रेक पायानं घट्ट केला आणि तो तिथेच उभा राहिला.

"वर तक्रार करीन."

"करा. आडनावासकट करा."

खाटेवरून बारीक आवाज आला. "हा माणूस मला आवडला."

डॉक्टर मधे आल्या, ब्रदर म्हणतो तेच बरोबर आहे म्हणाल्या आणि पाय मुरगळलेल्या एका तरुणाला खुर्चीवर बसवून त्याची खाट मोकळी करून दिली. खाटसाहेब पुटपुटत गेले.

कपडे बदलताना बाईंची शाल ब्रदरनं झटकली. कुत्र्यांच्या केसांनी ती भरलेली होती. झटकली तशी तिच्यातून काहीतरी पांढऱ्या चादरीवर पडलं आणि चालू लागलं. तिळाएवढं, चपटं, तपकिरी. ब्रदरनं त्यावर काचेची पट्टी ठेवली.

"डॉक्टर, हे बघा."

डॉक्टर वाकल्या. मग सरळ झाल्या आणि क्षणभर छताकडे पाहत राहिल्या, पुस्तकातलं एखादं पान आठवावं तशा. "गोचीड," त्या सावकाश म्हणाल्या. "ताप नाही. टोचलेलं कळतं. अशक्तपणा पायांतून वर. ब्रदर, काही जातींच्या गोचिडींच्या लाळेत विष असतं. ती अंगाला चिकटून असेपर्यंत विष भिनत राहतं आणि असेच हातपाय जातात. पुस्तकात वाचलंय. पाहिलं कधीच नाही. तुम्ही?"

"मीही नाही."

"ही तर मोकळी फिरतेय. चिकटलेली एखादी असेल तर शोधून काढावी लागेल."

"असेल तर सापडेल," ब्रदर म्हणाला आणि हातमोजे चढवले.

पडदे ओढून घेतले. वॉर्डातल्या मावशी मदतीला आल्या. काखा, बेंबी, जांघा, गुडघ्यांच्या मागची घडी, बोटांच्या बेचक्या, कानांच्या मागे, असं सगळं दिव्याखाली पाहून झालं. कुठे काही नाही. उरला तो अंबाडा. पांढराशुभ्र, तांब्याएवढा, पिना खोचून खोचून बांधलेला.

"यात हात घालायचा नाही," बाई म्हणाल्या. आवाज आता दमला होता, तरी धार गेली नव्हती.

मावशी कात्री घेऊन आल्या. "कापून टाकू सरळ. शोधायला बरं."

"कात्री लावलीस तर चावेन."

मुलगा पडद्याबाहेरून म्हणाला, "आईला श्वास पुरेना आणि तुम्ही उवा कसल्या शोधताय? कापून टाका ना ते केस! मी कधीचा सांगतोय तिला."

"तू कधीचा सांगतोयस म्हणूनच राहिलेत," बाई म्हणाल्या. मग ब्रदरकडे पाहून हळू बोलल्या, "ऐक. पाय गेले, हात चाललेत. घर सोड म्हणतात, कुत्री सोड म्हणतात. हे एवढं माझं आहे. मेले तर यासकट मरेन."

ब्रदर खाटेच्या डोक्याशी स्टूल ओढून बसला. "एक केस कापणार नाही. मला दोन मुली आहेत. बायको पहाटेच डेअरीत कामाला जाते, म्हणून वेण्या घालायचं काम माझं. रोज चार वेण्या, शाळेची गाडी यायच्या आत, दोघींची भांडणं सोडवत. तुमचा अंबाडा मी सोडतो आणि पुन्हा होता तसा बांधतो."

"पुरुषाच्या हाताचा अंबाडा." बाईंनी डोळे मिटले. "ढिला बांधलास तर बघ."

एकेक पिन निघाली. केस उशीवरून खाली ओघळले. मुलींच्या डोक्यात भांग पाडतो तसे ब्रदरनं कंगव्याच्या टोकानं भांग पाडायला सुरुवात केली, कपाळापासून मागे, बोट बोट अंतरावर, प्रत्येक भांगात उजेड पाडून. डॉक्टर दिवा धरून उभ्या होत्या. टाळू झाली, दोन्ही बाजू झाल्या. मावशींनी बाईंना कुशीवर वळवलं. मानेच्या वर, अंबाड्याचा भार जिथे टेकायचा तिथे, ब्रदरचं बोट थांबलं.

राखाडी, गुळगुळीत, भिजवलेल्या हरभऱ्याएवढी. तोंड कातडीत रुतवून बसलेली. रक्त पिऊन फुगलेली गोचीड.

"सापडली," तो म्हणाला.

मुलगा पडदा सारून आत आला. त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा आक्रसला. "चटका द्या तिला. काडी आहे माझ्याकडे. नाहीतर रॉकेल. आपोआप सुटते."

"काडी खिशात ठेवा," ब्रदर म्हणाला. "चटका दिला, तेल टाकलं, पोट दाबलं, की पोटातली घाण ती आईंच्या अंगात ओकणार. तिला चिडवायचं नाही."

त्यानं बारीक टोकाचा चिमटा घेतला, पोटाला न लावता अगदी कातडीलगत, तोंडापाशी धरला आणि सरळ वर ओढू लागला. हिसका नाही, पीळ नाही. कातडी तंबूसारखी वर उचलली गेली. गोचीड सोडायला तयार नव्हती, ब्रदरही नव्हता. मग ती सुटली. डॉक्टरांनी भिंगाखाली पाहिलं: तोंड शाबूत होतं, मागे काही राहिलं नव्हतं. जखम धुतली. ब्रदर उठला नाही. उरलेलं डोकंही भांग पाडून शेवटपर्यंत पाहिलं, कारण एक सापडली म्हणजे एकच असेल असं नसतं. दुसरी नव्हती.

मग त्यानं अंबाडा बांधला. घट्ट.

मुलाला वाटलं होतं आता आई उठून बसेल. तसं काही झालं नाही. दुपारी बाई जुन्या पुलापर्यंतच पोचल्या, आणि तेही धापा टाकत. ऑक्सिजन लावला होता. घशात नळी घालायचं सामान उशाशी मांडलेलं होतं. डॉक्टर स्पष्ट बोलल्या, "गोचीड मिळाली म्हणजे आपण जिंकलो असं नाही. कदाचित तो नसांचा आजारही सोबत असेल. विष उतरायलाही वेळ लागतो. नळी लागली तर घालू. पण वाट बघू."

अतिदक्षतेत जागा झाली. बाईंना तिकडे नेताना ब्रदर सोबत गेला, आणि तिथल्या नर्सला आकडे, औषधं सांगून झाल्यावर थांब्यांची यादीही तोंडपाठ म्हणून दाखवली. परत येताना मुलगा व्हरांड्यात भेटला. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि चहावर साय धरली होती.

"तुम्हाला वाटत असेल मी तिच्या जिवावर उठलोय," तो म्हणाला.

"मला काही वाटत नाही."

"फोन वाजला की आधी तीच डोळ्यांपुढे येते. रोज. कुणाच्याही फ्रिजचा फोन असला तरी. ती एकटी, जिना ओला, टाकी, शिडी. आज सकाळी शेजारीण म्हणाली, 'आई उठत नाहीयेत', तेव्हा मला वाटलं..." त्यानं कप कठड्यावर ठेवून दिला. "आणि बाई म्हणते, वय झालं नाही!"

"वय झालंय," ब्रदर म्हणाला. "पण पाय वयानं गेले नव्हते. दोन्ही खरं आहे."

ब्रदरची पाळी संपली, कपडे बदलले, तरी तो घरी जायच्या आधी अतिदक्षतेत डोकावला. बाईंनी त्याला पाहून भुवया उडवल्या, छाती भरून घेतली आणि थांबे म्हणायला लागल्या. जुन्या पुलावर आवाज लडखडला. पण त्या थांबल्या नाहीत.

"गिरणी," त्या म्हणाल्या. आणि डोळे वटारून, उरलासुरला श्वास खर्चून, "भाजीबाजार."

तिथली नर्स हसली. ब्रदरनं तोंड फिरवून खिशात रुमाल शोधला. रुमाल घरीच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायाचे अंगठे हलले. दुपारी गुडघे वर आले. हातोडीनं पाय उसळला तेव्हा डॉक्टरांनी ती पुन्हा एकदा मारून पाहिली, निव्वळ आनंदासाठी. त्यानंतरच्या सकाळी बाई खाटेच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या आणि मायलेकांची जुंपली होती.

"कुत्र्यांमुळेच झालं ना? आता तरी मान्य कर!" मुलगा म्हणत होता. "मी माणूस बोलावलाय. घेऊन जाईल तिघांना."

"तिकीट, पास आणि डबलबेल," बाई म्हणाल्या. "नावं आहेत त्यांना. त्या माणसाला फोन कर आणि सांग, येऊ नकोस."

"आई, तू मरत होतीस!"

"मरत होते आणि तू म्हणत होतास, वय झालं. या ब्रदरनं आणि डॉक्टरनं ऐकलं नसतं तर वयाच्या नावानं गेले असते मी. तुझी भीती मला कळते रे. पण तुझ्या भीतीपायी मी माझं घर बंद करणार नाही. परत शिडी चढणार, परत कुत्री अंगणात झोपणार."

दोघांनी एकदम ब्रदरकडे पाहिलं. तो औषधं समजावून द्यायला वर आला होता.

"मला मधे घेऊ नका," तो म्हणाला. मग स्वतःच मधे पडला. "कंडक्टरबाई, मुलगा खोटं बोलत नाहीये. गोचीड कुत्र्यांवरूनच आली, नाहीतर अंगणातल्या गवतातून. कुत्री ठेवायची तर नुसती माया करून भागणार नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध आणा, तिघांनाही लावा, वेळच्या वेळी. अंथरुणं उकळा. गवत काढा, भिंतीच्या भेगा बुजवा, त्यात लपतात त्या. रोज संध्याकाळी अंबाडा सोडून डोकं तपासायचं."

"मी काय गुन्हेगार आहे, झडती घ्यायला?"

"झडती घ्या, नाहीतर पुन्हा मला भांग पाडायला लावा. आणि एक. येत्या दोनतीन आठवड्यांत ताप आला, डोकं ठणकलं, अंगावर पुरळ उठलं, तर घरी काढा पीत बसायचं नाही. गोचिडीमुळे दुसरे तापही येतात. लगेच यायचं आणि दारातच पहिलं वाक्य बोलायचं, मला गोचीड चावली होती. त्या तापाचं औषध लवकर दिलं तर सोपं असतं."

बाईंनी ओठ दाबले. त्यांना कुणी नियम सांगितलेला आवडत नव्हता. उभा जन्म त्यांनीच लोकांना नियम सांगितले होते. "कुत्र्यांना औषध लावायला दोन माणसं लागतात," शेवटी त्या म्हणाल्या, मुलाकडे न बघता. "डबलबेल धरून ठेवावी लागते."

मुलगा खिडकीपाशी गेला. मग त्यानं फोन काढला आणि कुणालातरी म्हणाला, "येऊ नका. नाही, काही चुकलं नाही तुमचं. बेत बदलला."

बाई चालत घरी गेल्या. ताप आला नाही.

पुढच्याच महिन्यात तो मुलगा एकटाच तातडीच्या विभागाच्या दारात दिसला आणि ब्रदर हातातलं काम टाकून त्याच्याकडे गेला. "आई?"

"ठणठणीत. शेजाऱ्याशी भांडतेय, गवतावरून." त्यानं बाही वर सारली. दंडाच्या आतल्या बाजूला एक बारीक गोचीड चिकटली होती. "डबलबेलला धरत होतो. कालपर्यंत नव्हती ही. हात लावलेला नाही. काढा."

ब्रदरनं चिमटा आणला. गोचीड लगेच सुटली. जखम धुऊन तो सांगायला लागला, "नुसत्या चावण्याला औषध नको, पण ताप आला तर..."

"माहीत आहे. आईनं पाठ करून घेतलंय." मुलानं बाही खाली केली. दाराशी जाऊन तो थांबला. "दर रविवारी जातो आता. ती म्हणते, धडधाकट माणसानं एकटं राहणं बरं नाही, तूच इकडे राहायला ये."

"मग?"

"मी काय तिला घाबरतो?" तो म्हणाला. "नाही म्हणून सांगितलं. सरळ तोंडावर."

आणि हसत हसत, दंड चोळत, तो बाहेर पडला.